राजमा, छोले, काळा वाटाणा बरणीत: घरच्या कॅनिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅनिंग म्हणजे अन्न काचेच्या बरणीत भरून, तापवून, हवाबंद करून टिकवणं. त्याबद्दलचे हे प्रश्न मुख्यतः अमेरिकेतल्या मराठी घरांमधून येतात. टेक्सास आणि फ्लोरिडाकडून हरिकेनच्या मोसमाआधी, न्यू जर्सी आणि मिशिगनकडून थंडीच्या तोंडावर. वीज दोन-तीन दिवस गेली तर घरात पोटभरीचं काय असेल, ही सगळ्यांची काळजी एकच.

खाली दिलेले दाब, वेळा आणि प्रमाणं अमेरिकेच्या कृषी खात्याने (यूएसडीए) तपासून ठरवलेली आहेत आणि जॉर्जिया विद्यापीठातलं नॅशनल सेंटर फॉर होम फूड प्रिझर्व्हेशन तीच शिकवतं. त्यांत मी मनाने एक मिनिटही कमी केलेलं नाही. तुम्हीही करू नका, ही कळकळीची विनंती.

१. राजम्याचा डबा दुकानात स्वस्तात मिळतो. मग घरी एवढा खटाटोप कशाला?

वर्षाला आठ-दहा डबेच लागत असतील तर खरंच करू नका, विकत आणा. कॅनरचा, म्हणजे बरण्या दाबाखाली तापवायच्या मोठ्या भांड्याचा, खर्च वसूल होणार नाही.

ज्यांच्या घरी आठवड्यातून दोनदा उसळ होते, त्यांचं गणित वेगळं. राजमा आणि काबुली चणे डब्यात मिळतात. काळा वाटाणा, पांढरा वाटाणा, आपला गावरान हरभरा सहसा मिळत नाही. मीठ आपल्या हातात राहतं. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे कडधान्याला जे लागतं, रात्रभरचं भिजवण, भरपूर पाणी, तासभर आच, ते सगळं वीज असताना उरकून ठेवलेलं असतं. २०२१च्या फेब्रुवारीत टेक्सासमध्ये ४५ लाखांहून अधिक घरं-दुकानं अंधारात गेली, आणि अनेक शहरांत पाणी उकळून प्या अशा सूचना निघाल्या. तेव्हा कपाटात दहा किलो कोरडा राजमा असून उपयोग नव्हता. शिजवायला ना आच, ना पाणी. बरणीतल्या राजम्याला थोडा वेळ आच पुरते, आणि रश्शाचं पाणी बरणीतच असतं.

२. शिजवून फ्रीजरमध्ये ठेवलं तर?

रोजच्या सोयीला उत्तम, आणि कॅनिंगपेक्षा कितीतरी सोपं. पण वीज गेली की फ्रीजरचं घड्याळ सुरू होतं. दार न उघडता गच्च भरलेला फ्रीजर साधारण ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला २४ तास, आणि खालचा फ्रीज जेमतेम ४ तास. २०१२मध्ये सँडी वादळानंतर न्यू जर्सीत कित्येक घरांची वीज त्याहून जास्त दिवस गेली होती.

३. उकळत्या पाण्याच्या पातेल्यात बरण्या तीन तास ठेवल्या तर? जॅम तसाच करतो की.

नाही. तीन तास नाही, सहा तासही नाही.

क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जंतू मातीत सगळीकडे असतो, म्हणजे कडधान्यावरही असू शकतो. प्रतिकूल परिस्थितीत तो बीजाणू होऊन बसतो, आणि हे बीजाणू १०० अंश सेल्सिअसला मरत नाहीत. पाणी कितीही वेळ उकळलं तरी शंभराच्या वर जात नाही. मग बरणीचं झाकण बसतं, आतली हवा गेलेली, पाणी आणि अन्न भरपूर, आंबटपणा नाही: त्या बीजाणूंना हवं ते सगळं आपणच दिलेलं असतं. ते रुजतात आणि विष तयार करतात. जॅम, लोणचं किंवा व्हिनेगरमधली मिरची आंबट असते, पीएच (आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) ४.६ किंवा त्याखाली, म्हणून तिथे ते वाढू शकत नाहीत. कडधान्यांचा पीएच याच्या बराच वर असतो.

बीजाणू मारायला साधारण ११६ अंश सेल्सिअस लागतं, आणि घरी ते फक्त दाबाखालच्या वाफेतच मिळतं.

हे पुस्तकी भय नाही. एप्रिल २०१५मध्ये ओहायोतल्या लँकेस्टर गावी चर्चच्या एका सहभोजनात बटाट्याचं सॅलड होतं. त्यातले बटाटे घरी, साध्या उकळत्या पाण्यात कॅन केलेले. २९ जणांना बोट्युलिझम झाला, एक जण दगावला. बटाटा काय, राजमा काय, या बाबतीत दोघे एकाच माळेचे मणी.

४. मग भारतातून आणलेला पाच लिटरचा प्रेशर कुकर आहे ना. त्यातही दाब असतोच.

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि तो रास्तही आहे. आपण कुकरवर वाढलेली माणसं. त्याची शिट्टी साधारण १५ पौंडांच्या दाबाला उचलते, हेही खरं.

अडचण दाबाची नाही, आकाराची आणि वेळेची आहे. कॅनिंगच्या वेळा ठरवताना नुसती दाबाखालची ७५ मिनिटं (प्रश्न ९) मोजलेली नाहीत. जड, मोठ्या कॅनरला तापायला लागणारा वेळ आणि आच बंद केल्यावर आपोआप निवायला लागणारा वेळ, या दोन्ही वेळांतली उष्णता हिशोबात धरलेली आहे. छोटा कुकर झटकन तापतो आणि झटकन निवतो, म्हणून बरणीच्या मध्यावरच्या दाण्याला तेवढी उष्णता मिळतेच असं नाही. शिवाय शिट्टीच्या कुकरमध्ये दाब सतत एकसारखा राहतो की नाही, हे बाहेरून कळत नाही. म्हणून यूएसडीएचा नियम आहे: ज्यात क्वार्टच्या (सुमारे साडेनऊशे मिलीच्या) किमान चार बरण्या उभ्या राहतात तोच कॅनर.

आणि 'आमच्या ओळखीत एकजण कित्येक वर्षं कुकरमध्येच करतात, काही झालेलं नाही' हा पुरावा नव्हे. प्रत्येक दाण्यावर बीजाणू असतोच असं नाही. पण ज्या बरणीत असेल तिथे उष्णता पुरी पडायलाच हवी.

५. इन्स्टंट पॉटवर तर 'कॅनिंग' असं बटण असतं!

बटण असलं तरी कडधान्यांसाठी वापरू नका. कृषी खात्याच्या वेळा गॅसवर किंवा शेगडीवर ठेवायच्या कॅनरसाठी तपासलेल्या आहेत. विजेच्या बहुउद्देशी कुकरना त्या लागू होत नाहीत. कारण प्रश्न ४मध्ये आहे तेच.

६. कॅनर घेताना काय पाहायचं?

दोन प्रकार असतात. एकात घड्याळासारखा काटा, म्हणजे डायल गेज. दुसऱ्यात वजन, जे ठरावीक दाबाला डुलायला किंवा खुळखुळायला लागतं. माझं मत वजनाच्या बाजूने. काटा कालांतराने चुकीचा दाखवू शकतो, म्हणून तो दरवर्षी तपासून घ्यावा लागतो (बऱ्याच काउंटींच्या एक्स्टेंशन ऑफिसमध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या स्थानिक सल्ला केंद्रात, ही सोय असते, फोन करून विचारा). वजनाला तपासणी लागत नाही, आणि स्वयंपाकघरात दुसरं काही करत असतानाही त्याचा आवाज कानावर राहतो. शिट्टी मोजणाऱ्या आपल्या कानांना ते लवकर जमतं.

काचेच्या सपाट शेगडीवर वापरणार असाल तर आधी शेगडीचं आणि कॅनरचं, दोन्हींची माहितीपत्रकं वाचा. भरलेला कॅनर फार जड होतो, आणि काही शेगड्या मध्येच आपोआप आच कमी करतात.

७. कोणकोणती कडधान्यं चालतात? डाळी, मोड आलेली मटकी?

ज्या एका तपासलेल्या कृतीबद्दल आपण बोलतोय ती अख्ख्या, वाळलेल्या बीन्स आणि वाटाण्यांसाठी आहे. राजमा, काबुली चणे, हरभरा, चवळी, पांढरा-हिरवा-काळा वाटाणा, घेवडा हे सगळे त्यात आले.

तूरडाळ, मूगडाळ, चणाडाळ नाही. डाळ विरघळून दाट होते आणि दाट पदार्थाच्या मध्यापर्यंत उष्णता फार हळू पोचते; किती वेळात पोचते ते कुणी तपासून दिलेलं नाही. याच कारणाने घोटलेला राजमा किंवा मेक्सिकन रिफ्राइड बीन्सही बरणीत भरायचे नाहीत. अख्खी मसूर आणि मूग मीही भरत नाही. ते मऊ होऊन लगदा होतात, आणि तसेही लवकर शिजतात.

मोडाची मटकी आणि सोललेल्या डाळिंब्या यांची तपासलेली कृती नाही, म्हणून नाही. ओल्या शेंगांचे दाणे चालतात, पण त्यांची पद्धत आणि वेळ पूर्ण वेगळी. इथली वेळ त्यांना लावू नका.

८. पहिल्यांदाच करतोय. अगदी सुरुवातीपासून सांगा.

आदल्या रात्री कडधान्य निवडून, धुऊन भरपूर पाण्यात भिजवा. १२ ते १८ तास, थंड जागी. ह्यूस्टनच्या उन्हाळ्यात ओट्यावर ठेवलं तर आंबून फेस येतो, तेव्हा फ्रीजमध्ये ठेवा. विसरलात तर दुसरा मार्ग: कडधान्यावर उकळतं पाणी घालून २ मिनिटं उकळा, आच बंद करून तासभर झाकून ठेवा. दोन्हींत भिजवणीचं पाणी ओतून टाका.

मग ताजं पाणी घालून ३० मिनिटं उकळा. हे टाळू नका. दाणा पूर्ण फुगलेला आणि आतपर्यंत गरम असायला हवा, आणि राजम्यात कच्चेपणी जे विषारी द्रव्य असतं त्याच्यासाठीही ही उकळी हवीच. दाणा बोटांत दाबला तर दबतो पण मध्ये अजून चावरा लागतो, अशी अवस्था या टप्प्याला बरोबर आहे. उरलेलं कॅनरमध्ये शिजतं.

एकीकडे बरण्या गरम पाण्यात ठेवून तापवा. हवं असेल तर मीठ घाला, पाइंटच्या (सुमारे पावणेपाचशे मिलीच्या) बरणीला अर्धा छोटा चमचा, क्वार्टला एक. गरम दाणे भरा, त्यांचंच गरम पाणी घाला आणि वर एक इंच, म्हणजे अडीच सेंटिमीटर, मोकळं ठेवा. दाणे अजून थोडे फुगतात, म्हणून ते दाबून ठासू नका; पाण्याला फिरायला जागा हवी. प्लास्टिकची पट्टी कडेने फिरवून अडकलेली हवा काढा आणि पाणी कमी झालं तर पुन्हा एक इंचापर्यंत आणा. बरणीची कड ओल्या फडक्याने नीट पुसा, कारण एक साल जरी तिथे चिकटली तरी झाकण बसत नाही. नवं चपटं झाकण, त्यावर रिंग, बोटांनी सहज जेवढी घट्ट होईल तेवढीच.

कॅनरमध्ये दोन-तीन इंच गरम पाणी, तळाला जाळी, त्यावर बरण्या. झाकण लावा, पण वजन लगेच ठेवू नका. वाफ भसाभसा, सलग बाहेर यायला लागली की तिथून १० मिनिटं मोजा. आत अडकलेली हवा तापमान खाली खेचते. दाब बरोबर दिसतो आणि उष्णता कमी असते. या दहा मिनिटांत ती हवा निघून जाते. मग वजन ठेवा, दाब येऊ द्या आणि हवा तो दाब आला की वेळ मोजायला लागा (वेळ आणि दाब पुढच्या प्रश्नात).

वेळ संपली की आच बंद, आणि हात मागे. नळाखाली धरायचं नाही, वजन उचलून वाफ सोडायची नाही. दाब पूर्ण उतरेपर्यंत (काटा असेल तर तो शून्यावर येईपर्यंत) थांबा, वजन काढा, आणखी १० मिनिटं थांबा, मग झाकण तुमच्यापासून लांबच्या बाजूने उघडा. बरण्या टॉवेलवर, एकमेकींपासून अंतर ठेवून. आतलं पाणी तेव्हाही उकळत असतं. थोड्या वेळाने एकेक झाकण 'टक्' असा आवाज करून खाली बसतं. १२ ते २४ तास त्यांना हात लावू नका, रिंग पुन्हा आवळू नका.

९. नेमका दाब किती, वेळ किती?

पाइंट बरणीला ७५ मिनिटं, क्वार्टला ९० मिनिटं. वेळ उंचीप्रमाणे बदलत नाही, दाब बदलतो.

वजनाचा कॅनर असेल तर समुद्रसपाटीपासून १,००० फुटांपर्यंत १० पौंड, त्यावर सगळीकडे १५ पौंड. काट्याचा असेल तर २,००० फुटांपर्यंत ११ पौंड, ४,०००पर्यंत १२, ६,०००पर्यंत १३ आणि ८,०००पर्यंत १४.

म्हणजे ह्यूस्टन किंवा एडिसनला वजन १०चं. डेन्व्हर ५,२८० फुटांवर, तिथे वजन १५चं किंवा काटा १३वर. अटलांटाकडे विशेष लक्ष द्या: शहराचे काही भाग १,००० फुटांच्या वर आहेत, काही खाली. फिनिक्सही हजाराच्या काठावर. शहराच्या नावावर जाऊ नका, स्वतःच्या घराच्या पत्त्याची उंची काढा. शंका असेल तर १५ ठेवा. दाणा थोडा जास्त मऊ होईल, एवढंच. पण दाब वाढवला म्हणून वेळ कमी करायची नाही.

१०. किती कडधान्याच्या किती बरण्या होतात? पाइंट घेऊ की क्वार्ट?

९ पाइंटना साधारण सव्वातीन पौंड, म्हणजे दीड किलोच्या जरा आत. ७ क्वार्टना ५ पौंड, म्हणजे सव्वादोन किलो.

वीज गेल्यावरच्या सोयीसाठी करत असाल तर पाइंटच घ्या. फ्रीज बंद असताना उघडलेली बरणी त्याच जेवणाला संपायला हवी, आणि पाइंट भाताबरोबर दोघांना पुरतो. क्वार्टपेक्षा मोठी बरणी कडधान्यांना चालतच नाही. अर्ध्या पाइंटच्या बरण्या भरल्या तर वेळ पाइंटचीच, ७५ मिनिटं.

११. व्हिडिओत दाखवतात की कोरडे दाणे थेट बरणीत, वरून उकळतं पाणी, आणि कॅनरमध्ये. भिजवायची गरजच नाही म्हणे.

ही पद्धत कुणी तपासून मान्य केलेली नाही. कोरडा दाणा बरणीतलं पाणी शोषत राहतो. कधी वरचे दाणे कोरडे पडतात, कधी सगळं फुगून गच्च बसतं. दोन्हींत मध्यापर्यंत उष्णता किती गेली ते कळत नाही. वाचणारा वेळ रात्रीचा असतो, तेव्हा तर आपण झोपलेलेच असतो. भिजवा.

१२. बरणीतच फोडणी, कांदा-लसूण, चिमूटभर सोडा घातला तर? मग फक्त उघडायचं नि खायचं.

तेल-तूप घालू नका. ते कडेवर येऊन झाकण नीट बसू देत नाही, आणि नंतर खवटही होतं. सोडा घालू नका. तो आम्लता आणखी कमी करतो, शिवाय एवढ्या वेळ दाबाखाली राहिल्यावर दाणा तसाही लोण्यासारखा होतो. रस्सा दाट व्हावा म्हणून बेसन, कणीक, कॉर्नस्टार्च, वाटण, खोबरं यातलं काहीही नाही. कांदा-लसणाच्या मुठी भरून घातल्या की ती तपासलेली कृती राहत नाही.

कोरडा मसाला थोडा चालतो: एखादी लवंग, मिरे, तमालपत्राचा तुकडा. पण बरणीत मसाल्याचा वास वाढत जातो आणि काही वेळा कडवटपणाही येतो. माझा अनुभव सांगते: बरणीत फक्त दाणे, पाणी आणि मीठ ठेवलं तर एकाच बरणीचं काळ्या वाटाण्याचं सांबारं होतं, चाट होतं, उसळ होते. फोडणीला वीज गेल्यावरही दोन मिनिटंच लागतात. गोडा मसाला, लाल तिखट, हळद, हिंग आणि मोहरी एका छोट्या डब्यात भरून बरण्यांच्या शेजारीच ठेवा.

१३. पण टोमॅटोच्या रश्शातले छोले बरणीत हवेच आहेत. टोमॅटो आंबट असतो, मग वेळ कमी लागेल?

टोमॅटोच्या सॉसमधल्या बीन्सची वेगळी तपासलेली कृती आहे आणि तिची वेळ खरंच कमी आहे: पाइंट ६५ मिनिटं, क्वार्ट ७५, दाब प्रश्न ९मधलेच. पण ती तशीच्या तशी करावी लागते. भिजवून तयार केलेल्या गरम दाण्यांनी बरणी पाऊणच भरायची आणि वरून गरम सॉस, एक इंच मोकळं ठेवून. सॉस म्हणजे एक क्वार्ट टोमॅटोचा रस, ३ मोठे चमचे साखर, २ छोटे चमचे मीठ, एक मोठा चमचा बारीक कांदा आणि थोडे मसाले. मूळ कृतीत डुकराच्या मांसाचा तुकडा सांगितला आहे, तो ऐच्छिक आहे. शाकाहारी घरांत सरळ वगळा. कोरड्या मसाल्यांची अदलाबदल चालते. कांदा-टोमॅटोची परतलेली, तेल सुटलेली दाट ग्रेव्ही यात बसत नाही. ती वरच्या प्रश्नातल्यासारखी बाहेरच करा.

१४. कॅनिंग चालू असतानाच वीज गेली किंवा दाब खाली आला तर?

विजेची शेगडी असलेल्यांना हा प्रसंग येऊ शकतो. दाब ठरलेल्या आकड्याच्या खाली एक क्षण जरी गेला तरी झालेली मिनिटं धरायची नाहीत. आच वाढवून दाब पुन्हा आणायचा आणि वेळ शून्यापासून मोजायची. ७०व्या मिनिटाला गेला तरी पुन्हा पूर्ण ७५. फार जिवावर येतं, पण दुसरा इलाज नाही.

वीज येण्याचं चिन्ह नसेल तर कॅनर आपोआप निवू द्या आणि बरण्या 'न झालेल्या' समजा, झाकणं बसलेली दिसली तरीही. त्या शिजवलेल्या उसळीसारख्याच आहेत: लगेच खा, किंवा बर्फाच्या कूलरमध्ये ठेवा. वीज २४ तासांत आली तर थंड राहिलेल्या बरण्या उघडून, दाणे गरम करून, नवी झाकणं लावून पूर्ण वेळ पुन्हा करता येतं. कोमट अवस्थेत दोन तासांहून जास्त राहिलेल्या टाकून द्या. वादळाचा इशारा आलेला असताना कॅनिंगला बसूच नये, ते काम आधीच्या निवांत महिन्यात करावं.

१५. बरणीतलं पाणी खाली गेलं, वरचे दाणे उघडे पडलेत. फेकू?

झाकण घट्ट बसलं असेल आणि दाब-वेळ बरोबर झाली असेल तर नाही. दाब एकदम वर-खाली झाला किंवा निवायची घाई केली की पाणी बाहेर ओढलं जातं. उघडे दाणे काळपट पडतील, एवढंच. त्या बरण्या आधी वापरा. अर्ध्याहून जास्त पाणी गेलं असेल तर मात्र फ्रीजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवा. बरणी उघडून वरून पाणी घालायचं नाही.

१६. एका बरणीचं झाकण बसलंच नाही.

दाबल्यावर मध्यभाग खाली-वर होतो ना? मग नाही बसलं. २४ तासांच्या आत असाल तर प्रश्न १४मध्ये सांगितल्याप्रमाणे नव्या झाकणाने पुन्हा करता येतं, पण एका बरणीसाठी मी कॅनर पेटवत नाही. फ्रीजमध्ये ठेवते आणि दुसऱ्या दिवशी उसळ. चपटं झाकण एकदाच वापरायचं, रिंगा पुन्हा चालतात. लोणच्याच्या, सॉसच्या रिकाम्या बाटल्या कॅनरमध्ये घालू नका, त्या तडकतात.

१७. वीज गेल्यावर बरणी उघडून थंडच खाल्लं तर चालेल का?

दुकानातला डबा चालतो. घरच्या बरणीला माझं उत्तर: नाही, आधी उकळा. बोट्युलिनमचं विष उकळल्यावर नष्ट होतं (बीजाणू होत नाहीत, विष होतं). म्हणून कमी आंबट अशा घरच्या कॅनला खाण्यापूर्वी १० मिनिटं खळखळून उकळावं, आणि १,०००च्या पुढे प्रत्येक हजार फुटांना एक मिनिट जास्त. सगळं काटेकोर केलं असलं तरी ही दुसरी कडी मला हवी असते, घरात लहान मुलं किंवा पाहुणे आलेले आईवडील असतील तेव्हा तर हवीच हवी.

त्यासाठी आच आधीच पाहून ठेवा. गॅसची शेगडी वीज गेल्यावर काडीने पेटते का, हे आजच करून बघा. काही नव्या शेगड्या पेटत नाहीत. ब्युटेनची छोटी शेगडी, कोळशाची ग्रिल, कॅम्पिंगचा स्टोव्ह घराबाहेर मोकळ्यावरच. गॅरेजचं दार उघडं ठेवलं तरी ते 'बाहेर' होत नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि २०२१च्या त्या थंडीत टेक्सासमध्ये त्यानेही माणसं गेली.

आणि आच अजिबातच नसेल अशा वेळेसाठी दुकानातले चार-सहा डबे आणि एक हाताने चालवायचा कॅन ओपनर ठेवा.

१८. बरण्या किती टिकतात? गॅरेजमध्ये जागा आहे.

वर्षभरात संपवाव्यात. अंधाऱ्या, कोरड्या, १० ते २१ अंशांच्या जागी. गॅरेज बहुतेक राज्यांत चालत नाही: उन्हाळ्यात भट्टी, हिवाळ्यात गोठण, आणि गोठलं की झाकण सुटतं. घरातलं आतल्या भिंतीचं कपाट चांगलं. रिंगा काढून, बरण्या धुऊन ठेवा. रिंग काढलेली असली की सैल झालेलं झाकण लगेच दिसतं. झाकणावर धान्याचं नाव आणि तारीख. पांढरा वाटाणा आणि काबुली चणे बरणीतून ओळखता येतील असं वाटतं, पण कंदिलाच्या उजेडात नाव वाचणं सोपं.

१९. खराब झालंय हे कसं ओळखायचं? चव घेऊन?

चव कधीही घेऊ नका. फुगलेलं किंवा सुटलेलं झाकण, गळती, उघडताना उसळून येणारा फेस, बुरशी, विचित्र वास यांपैकी काही दिसलं तर गेलं. पाणी ढगाळ असणं मात्र अनेकदा नुसत्या पिठूळपणामुळे किंवा जड पाण्यामुळे असतं. पण बोट्युलिझमचं विष दिसत नाही, त्याला वास नाही, चव नाही, म्हणून 'छान दिसतंय' यावर विसंबता येत नाही. संशयित बरणी न उघडता पिशवीत घालून कचऱ्यात टाका; गळत असेल तर हातमोजे घाला आणि जागा ब्लीचच्या पाण्याने पुसा.

खाल्ल्यानंतर, बहुधा १२ ते ३६ तासांत पण कधी काही दिवसांनीही, पापण्या जड होणं, एकाचे दोन दिसणं, बोबडं बोलणं, गिळायला त्रास, हातापायांत अशक्तपणा असं काही झालं तर वाट न पाहता इमर्जन्सीत जा आणि घरी कॅन केलेलं खाल्लं आहे हे आपणहून सांगा. यावर प्रतिविष आहे, आणि ते जितकं लवकर मिळेल तितकं बरं.

२०. दीड तास दाबाखाली राहूनही दाणे कडक राहिले. असं कसं?

जुना माल. फार दिवस पडून राहिलेलं कडधान्य मऊ होत नाही, जड पाण्यात तर आणखीच. ज्या दुकानात माल लवकर खपतो तिथून घ्या, आणि नव्या पिशवीतले मूठभर आधी शिजवून बघा.

२१. मंडळाच्या गणपतीला महाप्रसादाची उसळ या बरण्यांतून केली तर?

नको. लँकेस्टरची गोष्ट (प्रश्न ३) सहभोजनातलीच होती. शंभर माणसांच्या पंगतीसाठी त्याच दिवशी ताजं शिजवा. विकणं तर दूरच: घरगुती पदार्थ विकायची परवानगी देणारे बहुतेक राज्यांतले कायदे कमी आंबट कॅन केलेले पदार्थ वगळतात. आणि दुसऱ्याने प्रेमाने दिलेली बरणी असेल तर कोणत्या कॅनरमध्ये, किती दाबाला, किती वेळ हे विचारायला संकोचू नका. उत्तर 'कुकरमध्ये' असं आलं तर ती वापरू नका.

२२. मी पुण्यात असते. लोडशेडिंगसाठी इथे करू का?

गरज दिसत नाही. आपल्याकडे स्वयंपाक सिलिंडरच्या गॅसवर होतो, लायटर नाही तर काडीने पेटतो, आणि वीज नसतानाही कुकरच्या चार शिट्ट्या होतात. भिजवलेले हरभरे घरात असले की झालं. तरी हौस म्हणून करायचंच असेल तर खरा कॅनर आणि त्याच्या जोगत्या बरण्या बाहेरून आणाव्या लागतील. पुणे १,८०० फुटांच्या आसपास आहे, म्हणून वजन १५ पौंडांचं, काटा असेल तर ११. वेळ तीच, पाइंटला ७५ मिनिटं. मुंबईत वजन १०चं चालेल, पण २१ अंशांचं कपाट तिथे कुठून आणणार, हे आधी बघा.